जैवमुद्रण
जिवंत पेशी आणि त्यांना आधार देणारे पाणीदार जेल (जैवशाई) यांचे संगणकीय आराखड्यानुसार थरावर थर देऊन ऊतक घडविण्याचे तंत्र. व्यवहारात ‘बायोप्रिंटिंग’ हे नाव अधिक रूढ आहे. टायटॅनियमचे जबडे, कवटीच्या पट्ट्या यांसारखी पेशीविरहित छापील रोपणे येथे विचारात घेतलेली नाहीत.

तंत्राच्या आरंभाविषयी एकमत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट क्लेबे यांचा १९८८ मधील शोधनिबंध सामान्यतः पहिला मानला जातो. तथापि त्यांनी इंकजेट मुद्रकाने उमटविले ते फायब्रोनेक्टिन हे प्रथिन. पेशी त्यावर मागाहून चिकटल्या. लेसर किरणाने पेशी हव्या त्या जागी नेण्याचे प्रयोग १९९९ च्या सुमारास झाले. क्लेमसन विद्यापीठात टॉमस बोलंड यांनी २००३ च्या सुमारास इंकजेट मुद्रकात फेरफार करून खुद्द पेशींचेच थेंब टाकले. आजच्या अर्थाने जैवमुद्रण येथून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. अमेरिकन शल्यचिकित्सक अँथनी अटाला यांच्या गटाने रुग्णांत बसविलेली मूत्राशये (वृत्तांत २००६) पुष्कळदा या तंत्राच्या खाती मांडली जातात, पण ती छापलेली नव्हती. तयार सांगाड्यावर (पेशींना आधार देणाऱ्या साच्यावर) पेशी वाढवून ती केली होती.

सुईवाटे जैवशाई दाबून सोडण्याची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. अल्जिनेटची (समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या द्रव्याची) शाई कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात लगेच घट्ट होते. सुई बारीक केल्यास रेघ सुबक येते, पण दाब व घर्षण यांमुळे पेशी मरतात. कोलॅजेन या तंतुमय प्रथिनासारखी मऊ शाई हवेत आकार धरत नाही. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठात ती जिलेटिनच्या कणांच्या लगद्यात छापून नंतर लगदा उष्णतेने वितळवितात.

खरी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. केशवाहिनीपासून साधारणतः १०० ते २०० मायक्रोमीटरपलीकडे पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. त्यामुळे जाड अवयव अद्याप आवाक्याबाहेर आहेत. तेल अवीव विद्यापीठाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या छोट्या हृदयातील पेशी आकुंचन पावत, परंतु ते रक्त पंप करू शकत नव्हते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने रुग्णापर्यंत पोहोचण्यात तिने आघाडी घेतली. जन्मतः अविकसित बाह्यकर्ण असलेल्या एका तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला कान बसविल्याचे अमेरिकेत २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांनी मानवी स्वच्छमंडलाच्या (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या) द्रव्यापासून छापलेले स्वच्छमंडल सशाच्या डोळ्यात बसविले.