पायाचा निरोप हवेपर्यंत

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये माझ्या आतेभावाची जुनी काँटेसा गाडी तीन महिने उभी होती. इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन. मूळ कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, वरून खाली हवा ओढायचा. तो काढून त्याजागी दोन आडवे कार्ब्युरेटर बसवायचे होते, प्रत्येकी दोन नळ्यांचे, नळीचा व्यास ४० मिलिमीटर. मिस्तरी त्यांना साइड ड्राफ्ट म्हणतात. कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड करून घेतला, पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलले, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दाब तपासला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाऊ म्हणाला, "आता रेस केबल तेवढी अडकवली की झालं."

तो "तेवढी" शब्द मला खटकला. मी भौतिकशास्त्र शिकवतो, गाड्यांमधलं मला फार कळत नाही. पण पाय आणि हवा यांच्यामधली ती केबल आणि तिच्या पुढच्या दोन-चार दांड्या म्हणजे नुसता निरोप्या नाही, हे मला दिसत होतं. त्या निरोप पोचवता पोचवता बदलतात. पाय एक अंश हलला तर कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी चकती किती हलावी, हे त्याच ठरवतात. म्हणजे तिथे एक गणित बसलेलं असतं, आणि आपण ते मांडलं नाही तर ते आपलं आपण, वाटेल तसं मांडलं जातं.

आधी आडवा कार्ब्युरेटर कशासाठी, ते थोडक्यात. इंजिनात पेट्रोलचा फवारा आणि हवा जितक्या सरळ वाटेने जातील तितकं बरं. वरून आलेल्या हवेला काटकोनात वळावं लागतं, वळणावर पेट्रोलचे जड थेंब भिंतीला चिकटतात. आडव्यात वाट जवळजवळ सरळ, आणि दोन दुनळी कार्ब्युरेटर असले तर चार सिलिंडरना चार स्वतंत्र नळ्या मिळतात. इटलीतल्या बोलोन्याच्या एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे असे कार्ब्युरेटर शर्यतीच्या गाड्यांवर अनेक दशकं होते, ते याच कारणाने.

आता चकतीकडे येऊ. प्रत्येक नळीत एका आसावर फिरणारी पितळी चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. बंद असताना ती नळीला अगदी काटकोनात नसते, १२ अंशांच्या आसपास कललेली असते. म्हणजे पूर्ण उघडायला ७८ अंश फिरायचं. एक ढोबळ हिशेब करून पाहा. आसाची जाडी सोडली, तर चकती २३ अंश फिरल्यावर नळीचं सुमारे १६ टक्के तोंड उघडतं. ऐकायला कमी वाटतं. पण ४० मिलिमीटरच्या चार नळ्यांचं एकूण क्षेत्रफळ ५०२७ चौरस मिलिमीटर, त्याचे १६ टक्के म्हणजे ८०० च्या वर. आणि ३२ मिलिमीटरची एकच नळी पूर्ण उघडली तरी ८०४. म्हणजे एकनळी छोट्या कार्ब्युरेटरवर पाय पूर्ण दाबून जेवढं तोंड उघडतं, तेवढं इथे तीस टक्क्यांहून कमी प्रवासातच उघडून जातं.

त्यात इंजिनाची भूक वेगाप्रमाणे बदलते. मिनिटाला १५०० फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला जास्तीत जास्त २३ लिटर हवा ओढू शकतं, ६००० फेऱ्यांना ९० च्या आसपास. कमी फेऱ्यांवर थोडं तोंड उघडलं की इंजिनाचं पोट भरलं. पुढे चकती कितीही फिरवा, फरक पडत नाही. पायाच्या सगळ्या हालचालीतला पहिला छोटा तुकडाच काय तो काम करतो, आणि तो इतका धारदार असतो की बाजाराच्या गर्दीत गाडी हाकणं अवघड होतं. पहिल्या चाचणीनंतर मिस्तरींनी हीच तक्रार आपल्या अहिराणीत सांगितली, "सर, पाय ठेवताच गाडी पयाले लागस."

उपाय असा, की पायाच्या सुरुवातीच्या हालचालीला चकती कमी फिरावी आणि शेवटी जास्त. हे कसं साधायचं, याचं उत्तर सायकलच्या पेडलमध्ये आहे. पेडल बरोबर वर असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर द्या, चाक हलत नाही. पेडल पुढे, आडवं आलं की तोच जोर पुरेपूर लागतो. पेडलची क्रँक तीच, पाय तोच, बदललं ते जोराची रेषा आणि आस यांच्यातलं लंबांतर. पायाच्या शिलाई मशीनला सुरुवातीला हाताने चाकाला धक्का द्यावा लागतो तो या अडलेल्या बिंदूमुळेच. भुसावळच्या शेडमध्ये ज्यांनी वाफेची इंजिनं पाहिलीत त्यांना आठवेल, दोन बाजूंच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशांत बसवलेल्या असत, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी जोरात असते.

दांडी आणि लिव्हर (आसावर आवळलेली छोटी भुजा) यांच्यातला कोन जितका काटकोनाजवळ, तितकं हे लंबांतर मोठं. कोन ३० अंश असेल तर ते लिव्हरच्या लांबीच्या निम्मं. ४० मिलिमीटरची लिव्हर असली तरी वागते २० मिलिमीटरची असल्यासारखी. आमच्या गाडीत पेडलवरून येणारी केबल कार्ब्युरेटरच्या वर बसवलेल्या एका आडव्या शाफ्टला फिरवते, आणि त्या शाफ्टवरच्या दोन लिव्हर दोन उभ्या दांड्यांनी दोन कार्ब्युरेटरना ओढतात. आम्ही शाफ्टवरची लिव्हर आयडलिंगला, म्हणजे पेडल मोकळं आणि इंजिन संथ चालू असताना, दांडीशी ३० अंशांत ठेवली, शेवटी ती काटकोन ओलांडून थोडी पुढे जाते. कार्ब्युरेटरची लिव्हर सुरुवातीला साधारण १२९ अंशांत आणि पूर्ण उघडल्यावर ५१ अंशांत, म्हणजे काटकोनाच्या दोन्ही बाजूंना सारखी. याचा परिणाम असा, की सुरुवातीला शाफ्टच्या १० अंशांमागे चकती सहा-साडेसहा अंश फिरते आणि शेवटी १२ च्या आसपास. नवा भाग एकही लागला नाही. त्याच दांड्या, फक्त लिव्हर शाफ्टवर फिरवून पुन्हा आवळल्या.

हे शहाणपण मात्र आधी एक धडकी भरवून आलं. पहिल्या खेपेला कार्ब्युरेटरच्या लिव्हर आम्ही आयडलिंगला नेमक्या काटकोनात ठेवल्या होत्या. दिसायला सुबक दिसत होतं. पण ७८ अंश फिरल्यावर काटकोनातले १२ अंशच उरतात. १२ अंशांवर लिव्हर आणि दांडी जवळजवळ एका रेषेत येतात. तिथून पूर्ण एका रेषेत यायला दांडी किती सरकावी लागते, तेही काढता येतं: ४० मिलिमीटरच्या लिव्हरला ०.९ मिलिमीटरही नाही. एवढा खेळ तर दांडीच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्येच असतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी होती, भावाने पेडल तळापर्यंत दाबलं, लिव्हर रेषेच्या पलीकडे गेली आणि तिथेच अडकली. पाय काढला तरी इंजिन ओरडतंय. मिस्तरींनी चावी बंद केली म्हणून निभावलं.

यातली भीतीदायक गोष्ट नीट समजून घ्यावी. लिव्हर मृतबिंदूच्या, म्हणजे त्या अडलेल्या बिंदूच्या, पलीकडे गेल्यावर परत यायचं तर दांडी आधी पुन्हा थोडी ओढली जायला हवी. आणि पेडलची परतीची स्प्रिंग नेमकी त्याच्या उलट ताण देत असते. म्हणजे जी स्प्रिंग चकती बंद करण्यासाठी लावली, तीच आता तिला उघडी धरून बसते. स्प्रिंग आणखी कडक केली तर पकड आणखी घट्ट. इलाज एकच, मृतबिंदूपर्यंत पोचूच द्यायचं नाही. कोन मधोमध वाटून घ्यायचा, आणि पेडलखाली फरशीवर पक्का अडसर द्यायचा, म्हणजे चकत्या बरोबर आडव्या, पूर्ण उघड्या होताच पाय थांबतो. अडसर कार्ब्युरेटरवर ठेवू नये. माणूस घाबरून पूर्ण ताकदीने दाबतो तेव्हा तो भार बारीक आसावर जातो आणि आस पिळवटतो. शिवाय दोन्ही कार्ब्युरेटरना आपापली स्प्रिंग हवी, पेडलला वेगळी. एक स्प्रिंग तुटली तरी दुसरी चकती मिटवेल. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करायची: एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन चारही तोंडांत पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी ते कोणालाही टाळू देणार नाही.

केबल का, सरळ दांडी का नाही, असं भावाने विचारलं होतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, क्लच सुटताच ते एका बाजूला झुकतं. पेडल बॉडीवर आहे, कार्ब्युरेटर इंजिनावर. मध्ये कडक दांडी असेल तर इंजिनाचं झुकणं चकतीपर्यंत पोचतं. झुकलं की चकती मिटते, ताकद कमी होते, इंजिन परत सरळ होतं, चकती उघडते, पुन्हा झुकतं. गाडी झटके खात पुढे जाते आणि चालवणारा बिचारा क्लचला दोष देतो. बाहेरून आवरण असलेल्या केबलचं तसं नाही. आवरणाचं टोक इंजिनावरच्या ब्रॅकेटला पकडलेलं असलं की फक्त आतली तार आवरणाच्या तुलनेत किती सरकली, तेवढंच चकतीला कळतं. मधला भाग कसाही हलो. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये या केबलचं पेटंट घेतलं. आज आपल्याकडच्या कितीतरी सायकलींच्या ब्रेकमध्ये ती आहे.

केबलची एक खोड आहे, घर्षण. खुंट्याला दोराचे दोन वेढे दिले की एक पोरगा उधळलेला बैल धरून ठेवतो. तेच तत्त्व इथे आपल्या विरुद्ध काम करतं. वळण किती मोठ्या घेराचं आहे याला गणितात जागा नाही, एकूण किती अंश वळलं एवढंच मोजलं जातं. घर्षणांक ०.१५ धरला तर ९० अंशांच्या वळणाला २७ टक्के जास्त ओढावं लागतं, १८० ला ६० टक्के, आणि २७० ला दुप्पट. परतीच्या स्प्रिंगलाही हीच वजाबाकी सोसावी लागते, म्हणून वेड्यावाकड्या केबलची रेस सावकाश खाली येते. आमची केबल आधी बॅटरीला वळसा घालून येत होती, ती सरळ काढली. आणि नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल घालू नये. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ त्या तेलात मिसळली की घासायची पेस्टच तयार होते.

राहिलं ते दोन कार्ब्युरेटरना एका तालात आणणं. उभ्या दांड्या दोन्हीकडून काढून ठेवायच्या, म्हणजे कार्ब्युरेटर एकमेकांपासून मोकळे होतात. मग आयडल स्क्रूने दोन्हींची हवा सारखी करायची. यासाठी हवा मोजायचं छोटं मीटर मिळतं, तासाला किती किलो हवा जाते ते दाखवणारं. मिस्तरींनी ते वापरलं नाही. पेट्रोलच्या रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, चारही ठिकाणी अगदी त्याच जागी. म्हणाले, "कानले समजस, डोयाले नही." नंतर मीटर मागवून ताडून पाहिलं, सुई दोन्हीकडे एकाच आकड्यावर. हवेचा प्रवाह थोडा बदलला तरी सळसळीचा पोत बदलतो आणि दोन आवाजांतला फरक ओळखण्यात कान खरोखर तरबेज असतो.

त्यानंतर दांड्या जोडायच्या, आणि जोडताना आवाज तसूभरही बदलता कामा नये. दांडीच्या एका टोकाला सरळ आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात. मधला भाग फिरवला की ती काढायला न लागता लांब-आखूड होते. पण आयडलिंगला ताल जमला म्हणजे सगळीकडे जमला असं नाही. दोन लिव्हरचे सुरुवातीचे कोन वेगळे असतील तर दोन्हीकडचं गणितच वेगळं. सुरुवातीला जुळतात, मधे फाकतात. म्हणून २५०० फेऱ्यांवर पुन्हा नळी लावून ऐकायचं. तिथे फरक आला तर दांडीची लांबी नव्हे, लिव्हरचा कोन सुधारायचा. आमचा दोन अंशांनी चुकला होता.

आणि हे सगळं इंजिन पुरतं तापलेलं असताना. कार्ब्युरेटर ॲल्युमिनियमचा, दांडी पोलादाची. दर अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम दहा लाखांत २३ भागांनी वाढतं, पोलाद १२ भागांनी. १०० मिलिमीटरची दांडी आणि ६० अंशांची वाढ, की फरक पडतो ०.०७ मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढा. आयडलिंगला चकतीच्या कडेची फटही मिलिमीटरच्या लहानशा अंशातलीच असते, तिथे केसही मोजला जातो. दोन्ही दांड्या सारख्या लांबीच्या असतील तर निदान दोन्हीकडे सारखाच फरक पडतो आणि ताल टिकतो. आमची एक दांडी आखूड होती, ती बदलली.

मे महिन्यात आम्ही चाळीसगावहून कन्नड घाटाकडे निघालो. बाहेर इतका उन्हाळा, की बॉनेटला हात लावता येत नव्हता. घाटाच्या वळणांवर ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना भावाचा पाय पेडलवर जेमतेम टेकलेला होता आणि गाडी ट्रकच्या चालीने चालत होती, झटका नाही. वर पोचल्यावर आयडलिंग किंचित वाढलेलं वाटलं. इंजिन बंद न करता बॉनेट उघडलं, मिस्तरींनी खिशातून नळी काढली, चारही तोंडांना लावून ऐकली. दोन्ही दांड्या पाव-पाव आटा फिरवल्या आणि लॉक नट आवळले.