उभा धागा, आडवा धागा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराच्या पुढे लहान मुलांना अंगणात सोडण्याची सोय नसते. पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळेलाही सुट्टी असते. अशा वेळी मुलांच्या हाताला काम देणाऱ्या रंगीत पेट्या बाजारात पुष्कळ मिळतात, मात्र त्या महाग असतात आणि त्यांतले साहित्य ठरावीक एकच वस्तू बनेल अशा बेताने आधीच कापलेले असते. या लेखात ज्या वस्तूंचा विचार केला आहे त्या या जिल्ह्यात जवळपास फुकट मिळतात: जुने वर्तमानपत्र, ज्वारीची चिपाडे, सुताचे उरलेले तुकडे, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आणि वाटीभर पीठ. पीठ सोडले तर या साऱ्या वस्तू मुळात तंतूंच्या बनलेल्या आहेत, आणि तंतू कोणत्या दिशेने मांडले आहेत यावर ती वस्तू कुठे वाकेल, कुठे फाटेल आणि कुठे टिकेल हे बऱ्याच अंशी ठरते.

अगदी तीन वर्षांच्या मुलालाही जमेल असे पहिले काम म्हणजे वर्तमानपत्र फाडणे. पानाच्या एका बाजूपासून पट्टी फाडली तर ती पट्टीने आखल्यासारखी सरळ निघते. तीच लगतच्या दुसऱ्या बाजूपासून फाडली तर चिरा वेडीवाकडी भरकटते. कागद तयार होताना लाकडाचा पातळ लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर ओतला जातो, आणि नदीच्या पाण्यात काटक्या प्रवाहाच्या दिशेने वळाव्यात तसे त्यातले बरेचसे तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने वळतात. त्या दिशेने फाडताना चिरेला तंतूंच्या मधून वाट मिळते, आडवे फाडताना तिला तंतू ओलांडावे लागतात. मुलांना सरळ पट्ट्या हव्या असतील तर त्यांनी आधी दोन्हीकडून थोडे फाडून पाहावे आणि सोयीची दिशा स्वतःच शोधावी. ती आयती सांगून टाकण्याचा मोह मोठ्यांनी आवरलेला बरा.

या पट्ट्या चिकटवून वाटी, मुखवटा किंवा डबा करायचा तर बाजारच्या डिंकाची गरज नाही. दोन चमचे मैदा किंवा ज्वारीचे पीठ वाटीभर थंड पाण्यात नीट कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की काही मिनिटांत खळ तयार होते. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांतले लांबलचक रेणू बाहेर पडतात आणि मिश्रण एकाएकी दाट होते. थंड पाण्यात आधी कालवले नाही तर गुठळ्या होतात, कारण गुठळीचे बाहेरचे आवरण आधी शिजते आणि आतले पीठ कोरडेच राहते. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुले बोटे तोंडात घालतात, म्हणून ते कटाक्षाने टाळावे आणि लागेल तेवढी खळ रोज ताजी करावी.

चिपाडाची बैलगाडी ही या भागातली जुनी करामत आहे. रब्बीची ज्वारी निघाली की कडबा घरोघरी येतो, आणि शेतीशी संबंध न उरलेल्या शहरी घरालाही दोन-चार चिपाडे मागून सहज मिळतात. गव्हाचे काड आतून पोकळ असते, तर ज्वारीचे धाट भरीव असते: बाहेर कडक, चकचकीत साल आणि आत हलका, पांढरा गर, म्हणजे भेंड. एक पेर घेऊन साल उभी सोलली तर ती टोकापर्यंत सरळ निघत जाते, कारण तिच्यातले ताठ तंतू धाटाच्या लांबीलाच समांतर असतात. सोललेले भेंड मुलाच्या दोन बोटांत सहज दबते. सालीची बारीक काडी मात्र कमानीसारखी वाकते आणि सोडली की पुन्हा सरळ होते. दोघांच्या या स्वभावांवरच सगळी रचना उभी राहते. भेंडाचे तुकडे खिळ्यांशिवाय जोडता येतात, कारण सालीची टोकदार काडी त्यांत खुपसली की त्याच्या वाळलेल्या, हवा भरलेल्या पेशी बाजूला दबतात आणि काडीला घट्ट धरून ठेवतात. भेंडाच्या चकत्यांची चाके, सालीचा आस आणि दोन लांब काड्यांची दांडी एवढ्यावर गाडी उभी राहते. धाटाने कडक माल कडेला आणि हलका माल मध्यभागी ठेवला आहे, हेही मुलाला दाखवावे. वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या कडेवर येत असल्याने, माणसाहून उंच वाढलेले धाट वारा आणि कणसाचे ओझे सोसत उभे राहण्यास ही मांडणी फार उपयोगी पडते. सालीची कड ब्लेडसारखी कापते, तेव्हा सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

सुताकडे वळण्यापूर्वी देवघरातला कापूस घ्यावा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांनी ओढला तर तो काहीही विरोध न करता तुटतो. तेवढाच कापूस तळहातावर वळून त्याची लांबवात केली आणि मग ओढली, तर मुलाला जोर लावावा लागतो. कापूस तोच आहे, त्यात कोणताही चिकट पदार्थ घातलेला नाही, तरी तो बळकट कसा झाला? कापसाचा एकेक तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर लांबीचा असतो. न वळलेल्या कापसात हे तंतू एकमेकांवरून घसरून सुटे होतात. पीळ दिला की ते एकमेकांभोवती तिरके गुंडाळले जातात, आणि ओढ जितकी वाढते तितके ते आतल्या बाजूला आवळले जाऊन घर्षण वाढते. शेकडो मीटर लांबीचा दोरा असा तीन सेंटिमीटरही नसलेल्या तंतूंच्या पकडीवर टिकून असतो. वाती वळणाऱ्या आजींच्या हाताला ही गोष्ट न शिकवता ठाऊक असते. याच बैठकीत वर्तमानपत्राची पट्टी आणि सुताचा तुकडा दोन्ही पाण्यात बुडवून ओढून पाहावेत: कागदाच्या तंतूंमधले रासायनिक दुवे पाण्याने सुटतात आणि तो लगेच निकामी होतो, तर सुती धागा ओला झाल्यावर किंचित अधिकच मजबूत होतो.

आता विणकाम. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट ज्या गल्ल्यांमध्ये चालतो, तिथे रंगीत सुताचे तुकडे मागितले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने खाचा पाडून त्यांतून उभा धागा गुंडाळला की ताणा तयार होतो. बोथट सुईत किंवा चपट्या काडीत आडवा धागा, म्हणजे बाणा, ओवून एकावरून, एकाखालून असा न्यायचा. ही काडी म्हणजे मुलाचा धोटा, आणि ओळ खाली दाबायला जुना कंगवा म्हणजे त्याची फणी. पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्यांदा विणते तेव्हा कापड हमखास मध्ये आक्रसून डमरूसारखे होते. यात मुलाची फारशी चूक नसते. बाणा ताण्याच्या वरखाली नागमोडी जात असल्याने त्याला कापडाच्या रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते, आणि ती सैल ठेवून दिली नाही तर तो दोन्ही कडांना आत ओढून ती वसूल करतो. प्रत्येक ओळ दाबण्यापूर्वी आडवा धागा कमानीसारखा तिरका ठेवला की पन्हा टिकतो.

हेच काम गोल पुठ्ठ्यावर केले तर त्यात एक मजेचे गणित लपलेले आढळते. कडेला आठ खाचा पाडून केंद्रातून आठ आरे काढले आणि एकावरून-एकाखालून फिरू लागले, तर दुसऱ्या फेरीत धागा पहिल्या फेरीतल्याच आऱ्यांवरून जातो. वीण बसत नाही आणि धागे घसरतात. खाचा सात किंवा नऊ ठेवल्या की प्रत्येक फेरीत वर-खाली आपोआप उलटते. मुलाला आधी आठ खाचांचा पुठ्ठा द्यावा, वैतागू द्यावे आणि मग एक आरा वाढवून पाहायला सांगावे. सम आणि विषम हे शब्द शाळेत कानावर पडण्यापूर्वीच ते असे हातातून गेलेले असतात.

सूत घरीच रंगवायचे असेल तर हळदीच्या कोमट पाण्यात बुडवावे. हा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो, पण कोरडे करून लिंबू लावले की पुन्हा पिवळा होतो. लहान मुलांना विणण्यापेक्षा हीच करामत जास्त आवडण्याची शक्यता आहे.

थोड्या मोठ्या, सात-आठ वर्षांच्या मुलांना चौकटीच्या वहीतली आठ बाय आठ घरे द्यावीत. घर रंगवले तर तिथे निळा बाणा पांढऱ्या ताण्याच्या वरून, रिकामे ठेवले तर खालून. सलग तीनपेक्षा जास्त घरे रंगवू नयेत, नाहीतर धागे लोंबतात. जोसेफ मारी जॅकार या फ्रेंच माणसाने 1804 मध्ये सिद्ध केलेल्या मागावर हेच काम पुठ्ठ्याची भोके करीत: भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तिथला खालीच राही. सोलापुरी चादरीवरचे मोर आणि फुले जॅकार पद्धतीनेच मागावर उतरत आली आहेत, आणि छिद्रांच्या कार्डांची ही कल्पना पुढे चार्ल्स बॅबेज यांनी गणनयंत्रासाठी उचलली. मुलाचा तुकडा विणून झाला की तो पुठ्ठ्यावरून काढून उलटा करायला सांगावा. पुढे जे घर निळे आहे ते मागे पांढरे दिसते, आणि पुढचे पांढरे मागे निळे. मग कपाटातली चादर काढून तिचीही दुसरी बाजू पाहावी.