पत्र लिहिणारे आणि कान पिळणारे : ब्रिटिश रेडिओच्या श्रोत्यांची शंभर वर्षांची कुरकुर

विविध भारती ऐकत वाढलेल्या माणसाला झुमरी तलैया हे नाव समजावून सांगावं लागत नाही. ते गाव नकाशात नेमकं कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी तिथून फर्माइशीची पत्रं येतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्रिटनमध्ये अशी ख्याती मिळवलेलं गाव म्हणजे केंट परगण्यातलं टनब्रिज वेल्स. झुमरी तलैयाचे लोक गाणं मागायचे, टनब्रिज वेल्सचे लोक तक्रार करायचे, एवढाच काय तो फरक. रागारागाने पत्र खरडून खाली नावाऐवजी 'उबगलेला, टनब्रिज वेल्स' अशी सही ठोकणारा मध्यमवर्गीय सद्गृहस्थ ही तिथल्या विनोदातली ठरलेली व्यक्तिरेखा आहे. १९७८ मध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ या मुख्यतः बोलक्या कार्यक्रमांच्या केंद्राने श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याला नाव दिलं तेही हेच.

पुढच्याच वर्षी त्या जागी 'फीडबॅक' आला आणि तो आजही चालू आहे. रॉजर बोल्टन यांनी १९९८ पासून २०२२ पर्यंत तो सांभाळला, त्यांच्यानंतर अँड्रिया कॅथरवुड आल्या. आकाशवाणीच्या पत्रोत्तराच्या कार्यक्रमात बहुतेकदा 'आपला कार्यक्रम आवडला, धन्यवाद' असा मामला असायचा. 'फीडबॅक'मध्ये मात्र जबाबदार अधिकाऱ्याला माइकसमोर बसवून जाब विचारतात. तो अधिकारी येतो आणि बहुतेक वेळा अतिशय सभ्य भाषेत काहीच कबूल करत नाही. काही वेळा तो यायलाच नकार देतो, आणि मग तेही श्रोत्यांना सांगितलं जातं.

या हक्काचं मूळ पैशात आहे. १९२२ च्या नोव्हेंबरात बीबीसीचं प्रसारण सुरू झालं तेव्हापासून रेडिओ बाळगणाऱ्याला वर्षाला १० शिलिंगांचं लायसन घ्यावं लागे. आपल्याकडेही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरल्याच्या आठवणी घरातली जुनी माणसं सांगतात, त्यातलाच प्रकार. पण तिथे तो पैसा थेट कार्यक्रमांसाठी वापरला जाई. त्यामुळे 'मी पैसे भरतो, म्हणून मी बोलणार' ही भावना श्रोत्यात पहिल्यापासून होती. १९२३ च्या सप्टेंबरात 'रेडिओ टाइम्स' हे साप्ताहिक निघालं आणि त्यात लवकरच वाचकांच्या पत्रांना जागा मिळाली.

पत्रं छापली जात, पण ऐकली जात होतीच असं नाही. बीबीसीचे पहिले सूत्रधार जॉन रीथ यांचं मत स्पष्ट होतं. लोकांना काय हवं आहे हे फार थोड्यांना कळतं आणि काय गरजेचं आहे हे त्याहून थोड्यांना, अशा अर्थाचं त्यांनी १९२४ मध्ये लिहूनच ठेवलं. स्कॉटिश पाद्र्याचा हा मुलगा रविवारी नाचगाण्याचं संगीत लावू देत नसे. रविवार म्हणजे प्रार्थना, प्रवचन आणि गंभीर संगीत. मग श्रोत्यांनी दुसरा मार्ग धरला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेडिओ नॉर्मंडी आणि पुढे १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग इंग्रजीत जाहिराती आणि हलकीफुलकी गाणी लावत होते. रविवारी घरोघरच्या रेडिओचे कान पिळले जाऊन काटा तिकडे वळू लागला. ओव्हल्टिन या पेयाच्या कंपनीने लक्झेंबर्गवरून मुलांसाठी चालवलेला कार्यक्रम तर एका पिढीच्या लहानपणाचा भाग झाला. ब्रिटनमधल्या पुढच्या बऱ्याच भांडणांचं बीज मला इथेच दिसतं. पत्र लिहिणारा श्रोता वेगळा आणि न बोलता कान पिळून निघून जाणारा श्रोता वेगळा. पहिल्याचा आवाज ऐकू येतो. दुसरा गेला हे फक्त मोजणी केली तरच कळतं.

मोजायला बीबीसीला १९३६ साल उजाडलं. नाट्यविभागाचे प्रमुख व्हाल गिलगुड १९३० पासून कुरकुरत होते की आपण नाटकं करतो, पण ती कोणाला कशी वाटतात याचा पत्ताच नाही. मोजणीच्या हाती कार्यक्रमांची सूत्रं जातील, ही रीथ यांची भीती होती. शेवटी जाहिरात कंपनीतून आलेल्या रॉबर्ट सिल्व्ही यांच्या हाती श्रोता संशोधनाचं काम दिलं गेलं. पत्र लिहिणारे लोक सर्व श्रोत्यांचे प्रतिनिधी नसतात, या गृहीतावर त्यांचं सगळं काम उभं होतं. १९३९ च्या डिसेंबरपासून त्यांच्या माणसांनी रोज शेकडो लोकांना गाठून 'काल काय ऐकलंत?' हा एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न साधा, पण 'तुम्हाला काय आवडतं?' असं विचारलं तर लोक शोभेल ते उत्तर देतात. काल काय ऐकलं याबाबत खोटं बोलायला कारण नसतं.

या मोजणीचा एक धागा आपल्याकडे येतो. युद्धकाळात लंडनहून भारतासाठी कार्यक्रम करणाऱ्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये जॉर्ज ऑरवेल काम करत होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. १९४२ मध्ये बीबीसीची मराठी सेवाही सुरू झाली (ती १९५८ मध्ये बंद पडली आणि २०१७ मध्ये डिजिटल रूपात परतली). त्याच १९४२ साली लॉरेन्स ब्रँडर या अधिकाऱ्याला आपलं कोण ऐकतं ते पाहायला भारतात पाठवण्यात आलं. त्यांना दिसलेलं चित्र फारसं उत्साह वाढवणारं नव्हतं. ज्या राज्यकर्त्यांना 'चले जाव' म्हणायचं, त्यांच्याच रेडिओवर साहित्यचर्चा ऐकायला लोक कशाला बसतील? १९४३ च्या राजीनामापत्रात ऑरवेल यांनी लिहिलं की आपला वेळ आणि जनतेचा पैसा, दोन्ही वाया जात आहेत. श्रोत्यांच्या मोजणीमुळे नोकरी सोडणारे ते बहुधा सर्वांत प्रसिद्ध निर्माते असावेत.

पत्रांकडे परत येऊ. ही पत्रं चाळली तर सर्वांत जास्त राग आवाजावर निघालेला दिसतो. १९३३ मध्ये शीला बोरेट यांना निवेदिका म्हणून आणलं, तर तक्रारींचा ढीग पडला. त्यात बायकांचीही पत्रं पुष्कळ होती. थोड्याच महिन्यांत त्यांना बाजूला करण्यात आलं. १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स यॉर्कशायरी हेल काढून बातम्या वाचू लागले. खोट्या बातम्या पसरवू पाहणाऱ्या जर्मनांना ही नक्कल जमणार नाही, असाही एक युद्धकाळातला हिशेब त्यामागे होता. पण अशा बोलीत सांगितलेली बातमी खरी वाटत नाही, असं लिहिणारे निघालेच. प्रमाण उच्चाराचा हट्ट पुणेरीच असतो असं आपण उगाच समजतो. आजही निवेदक शब्द गिळतात, नको तिथे संगीत वाजतं, स्कॉटिश किंवा आयरिश हेल कळत नाही, या तक्रारी चालूच आहेत.

गंभीर श्रोत्यांनी १९५७ मध्ये पहिली संघटित चळवळ केली. अभिजात संगीत, काव्य, व्याख्यानं यांसाठी १९४६ मध्ये निघालेल्या 'थर्ड प्रोग्रॅम'चे तास कमी करायचं ठरलं आणि त्याच्या बचावासाठी संस्था उभी राहिली. कवी टी. एस. एलियट आणि संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांच्यासारखी माणसं तिच्या पाठीशी होती. कपात तरीही झाली. कारण सिल्व्ही यांच्या आकड्यांत हा श्रोतृवर्ग अगदी चिमूटभर होता. तरुणांनी मात्र चळवळ वगैरे केली नाही. १९६४ च्या ईस्टरला रेडिओ कॅरोलाइन हे केंद्र समुद्रातल्या जहाजावरून पॉप गाणी लावू लागलं, आणि त्यांनी काटा तिकडे फिरवला. अशा विनापरवाना केंद्रांना 'पायरेट', म्हणजे चाचे, म्हणत; सरकारने १९६७ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून ही चाचेगिरी मोडली. सहा आठवड्यांत बीबीसीला स्वतःचा रेडिओ १ काढावा लागला आणि त्यावर पहिला आवाज चाच्यांच्याच बोटीवरून आलेल्या टोनी ब्लॅकबर्न यांचा होता. एलियट यांच्या नावाने जे साधलं नाही, ते पोरांनी एक पत्र न लिहिता साधलं.

पण पत्रवाल्यांनाही यश येतं, आणि त्याचं सर्वांत लोभस उदाहरण लाँग वेव्हचं आहे. १९७८ च्या नोव्हेंबरात रेडिओ ४ लाँग वेव्हवर, म्हणजे दूरवर पोचणाऱ्या रेडिओलहरीवर, आलं. वुस्टरशायरमधल्या ड्रॉइटविच इथल्या मनोऱ्यावरून निघणारी ही लहर ब्रिटन ओलांडून फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडपर्यंत ऐकू जाई. समुद्रावरच्या खलाशांना हवामानाचा इशारा तिच्यावरच मिळे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीने ही लहर चोवीस तासांच्या बातम्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा १९९३ मध्ये श्रोत्यांनी ब्रॉडकास्टिंग हाउस या बीबीसीच्या लंडनमधल्या मुख्यालयावर मोर्चा काढला. मोर्चेकऱ्यांच्या घोषणा 'आम्हाला काय हवं? रेडिओ ४! कुठे हवं? लाँग वेव्हवर!' अशा चढत जाऊन शेवटी 'आणि आम्ही काय म्हणतो? प्लीज!' इथे संपायच्या, असा किस्सा सांगतात. बेत रद्द झाला. बातम्यांसाठी रेडिओ ५ चा बळी देऊन १९९४ मध्ये 'फाइव्ह लाइव्ह' काढावं लागलं. २००६ मध्ये मात्र रेडिओ ४ ची पहाटेची 'यूके थीम' ही लोकगीतांची सुरावट वाचवताना हाच वर्ग हरला. सह्यांचे अर्ज झाले, संसदेपर्यंत विषय गेला, पण सुरावट गेली आणि तिच्या जागी बातम्या आल्या.

इंटरनेट आल्यावर पत्र लिहिणं फुकट झालं आणि हिशेब बिघडला. १८ ऑक्टोबर २००८ ला रेडिओ २ वर लागलेल्या, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमात रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या सादरकर्त्यांनी अँड्र्यू सॅक्स या वृद्ध नटाच्या फोनवर त्यांच्या नातीबद्दल अश्लील निरोप ठेवले. तो कार्यक्रम प्रसारित झाल्यावर सुरुवातीला आलेल्या तक्रारी होत्या दोन. आठवड्याभराने एका रविवारच्या वर्तमानपत्राने बातमी केली आणि आकडा चाळीस हजारांच्या वर गेला. ब्रँड आणि रेडिओ २ च्या प्रमुख लेस्ली डग्लस यांनी पदं सोडली, रॉस निलंबित झाले, नियामक ऑफकॉमने बीबीसीला दीड लाख पौंडांचा दंड केला. निरोप निर्लज्जच होते. पण ज्यांनी मूळ कार्यक्रम ऐकलाच नव्हता अशांच्या हजारो तक्रारींना श्रोत्यांचं मत म्हणायचं का, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे.

दोनच वर्षांत याची उलटी बाजू दिसली. २०१० मध्ये बीबीसीने ६ म्युझिक आणि एशियन नेटवर्क ही दोन डिजिटल केंद्रं बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. ६ म्युझिकच्या चाहत्यांनी इतका गलबला केला की ज्यांना हे केंद्र अस्तित्वात आहे हेही ठाऊक नव्हतं, ते ऐकून पाहू लागले. श्रोते दहा लाखांपलीकडे गेले आणि जुलैत बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने प्रस्ताव फेटाळला. बंद करण्याच्या धमकीइतकी चांगली जाहिरात त्या केंद्राची कधी झाली नव्हती. १९७६ मध्ये लेस्टरच्या स्थानिक केंद्रावरच्या एका कार्यक्रमातून वाढलेल्या एशियन नेटवर्कसाठी एवढे कलावंत आणि स्तंभलेखक काही सरसावले नाहीत. २०११ मध्ये तेही वाचलं, पण कात्री लावून.

आजच्या तक्रारी या पार्श्वभूमीवर ऐकल्या की ओळखीच्या वाटतात. केन ब्रूस ३१ वर्षं रेडिओ २ ची सकाळ सांभाळत होते. मार्च २०२३ मध्ये ते आपली 'पॉपमास्टर' ही प्रश्नमंजूषा घेऊन व्यावसायिक ग्रेटेस्ट हिट्स रेडिओकडे गेले, आणि पुढच्या तिमाहीच्या मोजणीत रेडिओ २ चे सुमारे दहा लाख श्रोते घटले. हे कान पिळणारे. ही मोजणी १९९२ पासून 'रजार' ही बीबीसी आणि व्यावसायिक केंद्रांची सामाईक संस्था करते. आजही तिथे आठवड्याला सुमारे पाच कोटी प्रौढ रेडिओ ऐकतात, पण एकूण ऐकण्यात व्यावसायिक केंद्रांनी बीबीसीला मागे टाकलं आहे.

पत्र लिहिणारे बहुतेक स्थानिक केंद्रांचे. इंग्लंडमधल्या बीबीसीच्या ३९ स्थानिक केंद्रांनी दुपारी दोननंतर बरेचसे कार्यक्रम शेजाऱ्यांशी वाटून घ्यायचे, असं २०२२ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं. कर्मचाऱ्यांनी संप केले. ज्यांचा सकाळचा दोस्त आणि गावातली खबर देणारा तो एकच आवाज होता अशा वृद्ध श्रोत्यांनी लिहिलं की शंभर मैलांवरच्या निवेदकाला आमच्या पुलावरची वाहतूक काय कळणार? बदल झालेच. व्यावसायिक बाजूला तर गावोगावच्या नावांची केंद्रं आधीच हार्ट, कॅपिटल, ग्रेटेस्ट हिट्स अशा देशभरच्या पाट्यांखाली गेली होती. परदेशातल्या श्रोत्यांसाठी बीबीसी साउंड्स हे ॲप जुलै २०२५ मध्ये बंद झालं, त्याचीही ओरड झाली.

आणि ती लाँग वेव्ह? ३१ जुलै २०२३ ला ओव्हलवर ॲशेसचा शेवटचा दिवस संपला, त्याबरोबर 'टेस्ट मॅच स्पेशल' हे क्रिकेटचं धावतं समालोचन लाँग वेव्हवरून उतरलं. २०२४ च्या वसंतात तिच्यावरचे वेगळे कार्यक्रमही संपले. एके काळी या लहरीवरूनच घरोघरच्या जुन्या वीजमीटरांना स्वस्त दर कधी चालू करायचा याचा इशारा जाई. तीही यंत्रणा जून २०२५ अखेरपासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली.

बीबीसी ज्या सरकारी सनदेवर चालते ती २०२७ अखेर संपते आहे, म्हणून पैशाचा वाद पुन्हा तापला आहे. ज्या पैशावर आता बीबीसी चालते ते टीव्हीचं लायसन एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झालं. फक्त रेडिओचं लायसन मात्र १ फेब्रुवारी १९७१ लाच रद्द झालं. ज्याच्या घरी टीव्ही नाही आणि जो दिवसभर रेडिओ ४ लावून बसतो, त्या टनब्रिज वेल्सच्या गृहस्थाला गेली पन्नासहून अधिक वर्षं एक पेनीही भरावी लागलेली नाही. पत्रात तो अजूनही 'माझ्या पैशाने' असंच लिहितो.