एका दिवसाचं आकाश, तुमच्या भिंतीवर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या चित्रातली एकूण एक रेषा म्हणजे खरोखर उडालेलं विमान. विमानतळ तुम्ही सांगायचा, तारीख तुम्ही सांगायची. त्या दिवशी तिथे उतरलेल्या आणि तिथून उडालेल्या विमानांचे मार्ग आम्ही कागदावर उतरवतो. खाली नकाशा नसतो, रस्ते नसतात, समुद्राला निळा रंग नसतो. मुंबईत दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा असते. तेवढ्या रेषा एकत्र आल्या की शहराची ओळख वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

माहिती येते कुठून

प्रवासी विमान आपली जागा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतं, जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवरचे रिसीव्हर हे संदेश टिपतात. फ्लाइटरडार२४ वर सरकणारी पिवळी विमानं बरेच जण बघतात, तीही मुख्यतः याच संदेशांवर चालतात. त्या ॲपचा स्क्रीनशॉट मोठा करून छापायला आमची गरज नाही, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही ते करून देईल. आम्ही व्यावसायिक वापराचा परवाना घेऊन मूळ नोंदी विकत घेतो. दरपत्रकातली बरीचशी रक्कम तिथेच जाते.

तारीख विचार करून निवडा

चित्राचा आकार विमानतळापेक्षा वाऱ्यावर जास्त ठरतो, कारण विमान उतरतं आणि उडतं ते वारा तोंडावर घेऊन. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पश्चिमेचा वारा असला की २७ क्रमांकाच्या, म्हणजे पश्चिमेकडे तोंड असलेल्या दिशेने काम चालतं: विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात आणि पार्ले-जुहूवरून समुद्राकडे निघून जातात. वारा पूर्वेकडून वाहू लागला की सगळं उलटं. दिवसाच्या मध्यात दिशा बदलली असेल तर चित्रात पंख्यासारखे पसरलेले रेषांचे झुबके दोन्ही बाजूंना दिसतात. अशी तारीख मिळाली तर सोडू नका.

जून ते सप्टेंबरमधला, पावसाने झोडपून काढलेला दिवस असेल तर आणखी मजा. उतरायला परवानगी मिळेपर्यंत विमानं लांबट गोल घालत थांबतात, कोणी धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर उचलतं आणि मोठा वळसा घेतं. प्रवाशांनी ज्या दिवशी बोटं मोडली, नेमक्या त्याच दिवसाचं चित्र सर्वांत देखणं निघतं.

काही तारखा मुद्दाम मागितल्या जातात. पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. रेषांना तासानुसार रंग दिले तर त्या चित्रात दुपारचे रंग जवळपास नसतातच. एप्रिल २०२० मधला दिवसही लोक मागतात, तेव्हा देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती. कागद बराचसा कोरा येतो. पैसे वाया गेल्यासारखं वाटेल त्यांनी तो घेऊ नये, पण ज्यांना तो महिना विसरायचा नाही त्यांना तो बरोबर समजतो.

आता एक नेहमीचा घोळ. या नोंदींतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या साडेपाच तास मागे. शिवाय परदेशी जाणारी कितीतरी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख असते, घरचे सोडायला निघतात १४ च्या रात्री, आणि नोंदीतही तारीख १४ च. म्हणून मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली तो दिवस हवा असेल तर नुसती तारीख सांगू नका. विमानाचा क्रमांक कळवा, नाहीतर घरातून किती वाजता निघालात तेवढं आठवून सांगा. ते एक विमान आम्ही वेगळ्या रंगात काढून देतो.

आम्ही काय करतो, काय करत नाही

धावपट्टीवर फिरणाऱ्या गाड्या आणि उघड चुकीचे बिंदू काढून टाकतो. उंचीनुसार रंग हवा असेल तर आकडे दुरुस्त करावे लागतात. विमान कळवतं ती उंची हवेच्या दाबावरून, १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली असते. भर पावसाळ्यात मुंबईतला दाब १००० च्या आसपास उतरतो, तेव्हा धावपट्टीला टेकायला आलेलं विमानही कागदोपत्री साडेतीन-चारशे फूट वर तरंगत असतं.

रेषा जिथे तुटते तिथे ती तुटलेलीच ठेवतो. इमारती आणि डोंगर आड आले की खालून उडणाऱ्या विमानाचा संदेश रिसीव्हरपर्यंत पोचत नाही. भर समुद्रावर तर जमिनीवरचा रिसीव्हरच नसतो. मुंबई-लंडनसारखा लांबचा मार्ग मागितलात तर मधे खंड पडलेला दिसेल. पट्टी लावून तो जोडणं सोपं आहे, आम्ही जोडत नाही. उपग्रहावरून टिपलेल्या नोंदी घेतल्या तर खंड भरतो, मात्र खर्च बराच वाढतो. दिल्ली-लंडन मागणाऱ्यांनी वर्षही सांगावं: २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि तेव्हापासून त्यांचा हा मार्ग दक्षिणेला, अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागला. त्याच्या आधीची रेषा आणि नंतरची रेषा शेजारी शेजारी लावली तर कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्याचं दाभोळी नौदलाचा. तिथली फक्त नागरी उड्डाणं घेतो. खासगी जेट विमानांचे नोंदणी क्रमांक छापत नाही. विमान कंपन्यांची बोधचिन्हंही नाहीत, आग्रह करू नये. जुहूहून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बारीक रेषा मात्र सापडल्या तर ठेवतो, त्या आम्हाला आवडतात.

सोसायटीतर्फे कधीकधी विचारणा होते की विमानांच्या आवाजाच्या तक्रारीला हे चित्र जोडता येईल का. नाही. हे भिंतीवर लावायचं चित्र आहे, पुरावा नव्हे.

कागद, फ्रेम आणि पावसाळा

छपाई पिगमेंट शाईने, सुती धाग्याच्या मॅट कागदावर. कॅनव्हासवर छापून देत नाही, कारण विणीच्या खडबडीत पोतावर बारीक रेषा फाटतात. आकार तीन: १२ बाय १८, १८ बाय २४ आणि २४ बाय ३६ इंच. पूर्ण दिवसाचं मुंबई किंवा दिल्ली हवं असेल तर सर्वांत लहान आकार घेऊ नका, मधोमध नुसता डाग दिसतो. नागपूर, कोल्हापूर किंवा मोपा यांना तो छान शोभतो.

फ्रेम आमच्याकडून घ्या वा तुमच्या ओळखीच्या फ्रेमवाल्याकडून करून घ्या, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लरहित असू द्या आणि काच कागदाला टेकू देऊ नका. कोकणात आणि मुंबईत ओल आलेल्या भिंतीवर चित्र लावलं तर एका पावसाळ्यात मागून बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागे रबरी बुच लावा, हवा खेळती राहते. थेट उन्हाची भिंत टाळा.

छापण्याआधी कच्चं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवतो. रंग, मजकूर, रेषेची जाडी तेव्हा बदलून मिळेल. तारीख बदलायची असेल तर नोंदी नव्याने विकत घ्याव्या लागतात, म्हणून त्याचे पैसे वेगळे पडतील. फ्रेमशिवाय घेतलेलं चित्र पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून येतं. नळी उघडल्यावर ते दिवसभर सपाट ठेवा आणि मगच फ्रेमवाल्याकडे न्या.