फंडातला ‘डिव्हिडंड’ गेला कुठे?

म्युच्युअल फंडात नवीन एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) चालू करताना अ‍ॅपवर ग्रोथच्या (नफा फंडातच ठेवणाऱ्या पर्यायाच्या) शेजारी आयडीसीडब्ल्यू असं काहीतरी दिसतं आणि बरेच जण तिथेच अडकतात. हा जुना डिव्हिडंड ऑप्शनच आहे, म्हणजे अधूनमधून पैसे हातात देणारा, फक्त पाटी बदललीय.

आपल्याकडचा पहिला फंड 1964 चा, सरकारी. लोक त्याला एफडीसारखंच धरायचे, दरवर्षी डिव्हिडंड यायचा, आत माल किती हे कोण विचारतंय, युनिटचा (फंडातल्या एका हिश्श्याचा) भाव एनएव्हीला, म्हणजे त्यामागे असलेल्या मालाच्या खऱ्या किमतीला, बांधलेलाच नव्हता. जुलै 2001 मध्ये सहा महिने युनिटांची खरेदी-विक्री बंद केली तेव्हा धाबं दणाणलं. पुढे हिशोब एनएव्हीवर आला, पण डिव्हिडंड म्हणजे व्याज आणि मुद्दल सेफ, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

गोची शब्दातच होती. फंडाचा डिव्हिडंड म्हणजे वरकमाई नाही, तुमच्याच पैशातून काढून तुम्हालाच दिलेले. 1000 युनिट, एनएव्ही 50, झाले 50,000. युनिटमागे 2 रुपये वाटले की एनएव्ही 48, म्हणजे 2,000 बँकेत, 48,000 फंडात, बेरीज तीच! तरी 2016-17 च्या सुमारास बॅलन्स्ड फंड (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेले) ‘महिन्याला 1 टक्का, तोही टॅक्स फ्री’ सांगून विकले गेले आणि रिटायर झालेल्यांनी पीएफचे पैसे टाकले, याला मिससेलिंग (भलतंच सांगून विकणं) नाही तर काय म्हणायचं. मग 2018 च्या बजेटमध्ये इक्विटी (मुख्यतः शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडाच्या डिव्हिडंडवर 10 टक्के कर बसला, आणि एप्रिल 2020 पासून तो काढून सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरायला लागले, म्हणजे 30 टक्के स्लॅबवाल्याचे त्या 2,000 मधले 600 गेले, सेस वेगळा.

शेवटी बाजाराच्या नियामकाने, सेबीने, 1 एप्रिल 2021 पासून डिव्हिडंड हा शब्दच काढायला लावला. नवीन नाव ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विदड्रॉल’. एवढं लांबलचक कोण वाचणार, असा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता, पण निदान भांडवल निघतंय हे नावात तरी आलं. माझ्या मते निर्णय बरोबर, वीस वर्षं उशिरा. गंमत म्हणजे त्याचा आयडीसीडब्ल्यू असा शॉर्टफॉर्म केला आणि नेमका तोच भाग पुन्हा लपला. स्टेटमेंटमध्ये मात्र तेव्हापासून उत्पन्न किती आणि भांडवल किती हे वेगवेगळं दाखवावं लागतं.