ओस्तेरिया म्हणजे स्वस्तातली त्रात्तोरिया नव्हे

इटलीला निघालेल्या बहुतेक मराठी माणसांच्या फोनमध्ये तिथल्या जेवणाच्या जागांची एक शिडी असते. खालच्या पायरीवर ओस्तेरिया, मधल्या पायरीवर त्रात्तोरिया, सगळ्यात वर रिस्तोरान्ते. पहिली स्वस्त, दुसरी मध्यम, तिसरी खिशाला चटका लावणारी. कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलं आणि तेव्हापासून ही शिडी एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर चढते-उतरते आहे. मी उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहरात दोन वर्षं काढली. आलेल्या पाहुण्यांना जेवायला कुठं न्यायचं हे खातं आपसूक माझ्याकडं आलं, आणि दर वेळी जेवण बाजूला ठेवून आधी ही शिडी काढून घ्यायचं काम करावं लागलं. आता एकदाच लिहून टाकतो.

त्रात्तोरियाबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण ती तुम्हाला समजलेलीच आहे. आपली खानावळ. बहुधा एकाच कुटुंबाची, पदार्थ मोजके आणि त्या गावचे, ताटल्या जाड, बोलणं मोठ्यानं. शब्द फ्रेंच ‘त्रेतर’वरून आला, म्हणजे लोकांना रांधून वाढणारा. बोलोन्यात व्हिया बेल्ले आर्तीवर ‘अन्ना मारिया’ नावाची त्रात्तोरिया आहे. भिंतीभर येऊन गेलेल्या नामवंतांचे फोटो, आणि हातानं लाटलेला पास्ता. तिथं जा, राग्यू (मंद आचेवर शिजवलेला खिम्याचा सॉस) घातलेली तालियातेल्ले (लांब पट्ट्यांचा पास्ता) मागवा आणि सुखानं जेवा. ‘स्पगेटी बोलोनेझ’ मात्र मागू नका. या गावात राग्यू रुंद तालियातेल्लेवर पडतो. त्याची पाककृती १९८२ मध्ये इथल्या व्यापारी मंडळाच्या दप्तरी रीतसर नोंदवून ठेवली आहे, आणि शिजलेल्या तालियातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर असावी हेही त्याच मंडळाकडं नोंदलेलं आहे. पास्त्याची रुंदी दप्तरात ठेवणाऱ्या माणसांशी वाद घालू नये.

आता ओस्तेरिया. घोळ सगळा इथं आहे.

‘ओस्ते’ म्हणजे यजमान, आल्यागेल्याला जागा देणारा. हॉटेल आणि हॉस्पिटल हे शब्दही त्याच कुळातले. पण हा यजमान रांधायचा नाही, ओतायचा. ओस्तेरिया ही मुळात दारू प्यायची जागा. गाडीवान, हमाल, कारागीर, पुढं विद्यार्थी (बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ ची सांगतं, म्हणजे तहानलेल्या विद्यार्थ्यांचा तुटवडा या गावाला कधी नव्हताच), असे सगळे येत, बाकावर बसत, मापानं वाईन घेत, पत्ते कुटत. भूक लागली तर घरून आणलेलं फडकं सोडत. यजमानानं फार तर उकडलेली अंडी, चीज, खारवलेल्या मांसाचे काप पुढं ठेवायचे, तेही तहान वाढावी म्हणून. याला आपल्याकडं फार नेमका शब्द आहे: चखणा.

तेव्हा फरक भावाचा नाहीच. त्रात्तोरियात जेवण मुख्य आणि वाईन सोबतीला. ओस्तेरियात वाईन मुख्य आणि खाणं सोबतीला. दोन वेगळ्या कामांसाठी काढलेल्या या दोन वेगळ्या जागा. एक दुसरीची गरीब बहीण नव्हे. खानावळ आणि रसवंतीगृह यांत स्वस्त कोणतं, असं आपण विचारतो का?

हे नुसतं वाचून पटत नाही, बघावं लागतं. बोलोन्याच्या मुख्य चौकाला लागूनच क्वाद्रिलातेरो नावाचा जुना बाजार आहे. बोळांची नावं आपल्या पेठांतल्या आळ्यांसारखी धंद्यांवरून पडलेली: सोनारांची, कापडवाल्यांची, जुन्या मासळीबाजाराची. त्यातल्याच विकोलो रानोक्की, म्हणजे बेडकांच्या बोळात ‘ओस्तेरिया देल सोले’ आहे, १४६५ पासूनची. शिवजन्माच्या आधी १६५ वर्षं. दारावर नाव शोधू नका, ‘विनो’ एवढा शब्द दिसला की आत शिरा. आत लांब लाकडी टेबलं, बाक, वाईनचा काउंटर. स्वयंपाकघर नाही. बंद आहे, लहान आहे असं नव्हे. नाहीच. खाणं तुम्ही बाहेरून आणायचं. अट उलट बाजूनं आहे: बसायचं तर प्यायला घ्यायचं. न पिणाऱ्यांनी बाहेर थांबावं, अशा अर्थाची पाटीच तिथं आहे. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई’ वाचत मोठे झालेल्या आपल्या लोकांचा तिथं पहिली पाच मिनिटं विश्वासच बसत नाही.

एकदा तिथं शेजारच्या बाकावर साठीच्या घरातलं एक जोडपं बसलं होतं. काका दर दोन मिनिटांनी काउंटरकडं मान उंच करून बघत होते. मग काकूंचा आवाज आला, “अहो, मेन्यू कार्ड तरी मागा की.” परदेशात मराठी कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही.

“काका, इथं जेवण मिळत नाही.”

“असं कसं? आमच्याकडं लिहिलंय, ओस्तेरिया, स्वस्त आणि घरगुती जेवण.” काकांनी फोन दाखवला. शिडी होतीच.

“मग ही एवढी माणसं काय खातायत?” काकू.

“आपापलं आणलेलं.”

“म्हणजे डबा?”

“डबाच.”

मी काकांना बोळातून मागच्या दुकानात घेऊन गेलो. अशा दुकानात ‘उन एत्तो’ म्हणायचं, म्हणजे शंभर ग्रॅम. काउंटरमागचा माणूस मोर्तादेल्ला म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा मांडीएवढा गुलाबी गड्डा यंत्रावर सरकवतो, पारदर्शक म्हणाव्यात अशा चकत्या पडतात, त्या मेणकागदावर एकावर एक न दाबता पसरतो आणि कागदाची घडी घालून वर पेनानं किंमत लिहितो. काकांनी ती घेतली, पाव घेतला. काकू शाकाहारी, म्हणून पार्मिजानो चीजचा तुकडा घेणार होते. त्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं आणि नियमाप्रमाणं ते असावंच लागतं, हे मला सांगावं लागलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं काकांचा चेहरा म्हणत होता. शेवटी टोमॅटो आणि अंजिरं घेऊन परत आलो. तोवर काकूंना त्या जागेचा नियम आमच्यापेक्षा चांगला कळला होता. त्यांनी पर्समधून पातळ पोह्यांच्या चिवड्याची पिशवी काढून टेबलावर मोकळी केली होती. कुणी हरकत घेतली नाही. घेण्यासारखं काही नव्हतंच, कारण त्या घरचा कायदा एवढाच की ग्लास हवा, आणि काकांनी पिन्योलेत्तो नावाच्या तिथल्या पांढऱ्या फेसाळ वाईनचे दोन ग्लास आणून ठेवले होते. काकूंनी आपला नुसता ओठांना लावला. पलीकडं पत्ते खेळणाऱ्या आजोबांनी चिवडा चिमटीत घेऊन बघितला, खाल्ला आणि पुन्हा हात पुढं केला.

असं एकच विक्षिप्त दुकान दाखवून मी नियम सांगतोय असं वाटेल, म्हणून दुसरं उदाहरण. रोमच्या आग्नेयेला टेकड्यांवर फ्रास्काती गाव आहे. तिथल्या वाईनच्या तळघरांत आजही हीच रीत सापडते: बाहेरच्या टपरीवरून पोर्केत्ता, म्हणजे मसाला भरून भाजलेलं डुक्कर, कागदात बांधून घ्यायचं आणि आत बसून वाईन मागवायची. त्या भागात नवी वाईन आली की दारावर पानांची डहाळी बांधत. डहाळी म्हणजे ‘फ्रास्का’, म्हणून अशा जागांना ‘फ्रास्केत्ता’ म्हणतात. खूण डहाळीची होती, ताटाची नव्हती.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र पाट्यांवरच असतो आणि लोक तो वाचून पुढं जातात. इटलीत अनेक ठिकाणी ‘ओस्तेरिया कोन कुचिना’ अशी पाटी दिसते. स्वयंपाकघरासह ओस्तेरिया. ओस्तेरियाला स्वयंपाकघर गृहीतच असतं तर हे लिहायची वेळ का आली असती? ‘त्रात्तोरिया कोन कुचिना’ असं कुणी लिहीत नाही, ‘खानावळ, जेवण मिळेल’ असं आपण लिहीत नाही तसंच.

मग घोळ झाला कसा? नुसती वाईन विकून भागेना, तसे ओस्ते चूल पेटवू लागले. आधी सूप, मग पास्ता. बघता बघता ओस्तेरिया आणि त्रात्तोरिया आतून सारख्याच दिसू लागल्या. तेव्हा शिडी थोडीफार खरीही होती, कारण ओस्तेरियात अजून गोरगरीब येत. मग उलटा वारा सुटला. १९८० च्या दशकात वायव्य इटलीतल्या पीदमोंत प्रांतातल्या ब्रा गावातून कार्लो पेत्रिनींची, फास्ट फूडला विरोध करणारी स्लो फूड चळवळ निघाली. त्या मंडळींनी १९९० पासून देशभरातल्या चांगल्या, साध्या, त्या-त्या मातीशी इमान राखणाऱ्या जेवणघरांची वार्षिक यादी काढायला घेतली आणि सरसकट सगळ्यांना ओस्तेरिया म्हटलं. हेतू चांगला होता, पण शब्दाला प्रतिष्ठा आली. जो शब्द आधी लोक पाटीवरून पुसत, तो आता नवी मालक मंडळी मुद्दाम रंगवून घेऊ लागली.

याचं टोक बोलोन्यापासून चाळीसेक किलोमीटरवर मोदेनात आहे. शेफ मास्सिमो बोत्तुरांची ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’, १९९५ पासूनची. मिशेलिनचे तीन तारे, २०१६ आणि २०१८ मध्ये जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला नंबर. नाव ओस्तेरिया. शिडीवर भरवसा ठेवून खालच्या पायरीवर पाय टाकलात तर माणशी तीनशे युरोंच्या वर बिल होईल. उलट बोलोन्यातच विद्यापीठाजवळ व्हिया मेंतानावर ‘ओस्तेरिया देल्लोर्सा’ आहे. अनोळखी माणसांशेजारी दाटीवाटीनं बसायचं आणि राग्यू घातलेली तालियातेल्ले हाणायची. तिथं पोरं जेवायलाच येतात, म्हणजे कामानं ती त्रात्तोरिया झाली. देल सोले, फ्रांचेस्काना, देल्लोर्सा: तिघींचं नाव एक, जाती तीन.

तेव्हा पाटी वाचून आत शिरू नका. मी वेळ बघतो. जेवणघर जेवणाच्या वेळेला बांधलेलं असतं: दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. दुपारी पाच वाजता दार उघडं आहे, आत माणसं आहेत, कुणाला घाई नाही, तर ती जुन्या अर्थाची ओस्तेरिया असायची शक्यता दाट. मग आत जाऊन टेबल बघायचं. ग्लास जास्त आणि ताटल्या कमी, मध्ये लाकडी फळीवर मांस-चीजचे काप (हिला ‘तालिएरे’ म्हणतात, आणि हा चखणा आहे, जेवण नव्हे), तर इथं पोट भरायच्या हेतूनं बसू नये. फळ्यावर पदार्थांची नावं, टेबलावर सुरी-काटे मांडलेले, कुणीतरी तुमचं बुकिंग आहे का विचारतंय, तर नाव काहीही असो, ती त्रात्तोरिया. त्रात्तोरियात ऐन गर्दीत एकट्या ग्लासावर टेबल अडवणं असभ्य, आणि खऱ्या ओस्तेरियात काही न पिता नुसता डबा खाणं असभ्य. शिडीवाले लोक या दोन्ही चुका एकाच दिवसात करतात.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. चौकड्यांचे टेबलक्लॉथ दोन्हीकडं असतात आणि ‘अस्सल’पणाची खूण म्हणून तर अजिबात धरू नयेत. ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचे आणि पावाचे दोनतीन युरो दोन्हीकडं लागू शकतात, त्यावरून वेटरशी भांडू नका. सहा वाजता स्प्रित्स नावाच्या रंगीत कॉकटेलबरोबर चिप्स देतात तो तिसराच प्रकार, त्याचं नाव अपेरितिव्हो, आणि त्यावर भागवून ‘जेवण झालं’ म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत इथं लिहिण्यासारखं नाही.

शाकाहाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट किरकोळ नाही. तोर्तेल्लीनी आणि तोर्तेल्लोनी या सारण भरलेल्या पास्त्याच्या दोन प्रकारांत एका मात्रेचा फरक ऐकू येतो, पण लहान तोर्तेल्लीनीत डुकराचं मांस असतं आणि ती मांसाच्या रश्शात येते. मोठ्या तोर्तेल्लोनीत सहसा रिकोत्ता हे मऊ चीज भरलेलं असतं आणि ती लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी पानांत परतून मिळते. चीज चालत असेल तर ‘नी’च्या आधी ‘लो’ आहे ना, हे बोट ठेवून बघा.

मला स्वतःला विचाराल तर रात्री कुठंही जेवा, संध्याकाळ ओस्तेरियात घालवा, तीही चूल नसलेल्या. त्या दिवशी निघताना काकूंनी उरलेला चिवडा आजोबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पत्ते खाली ठेवून आपल्या पुड्यातली मोर्तादेल्ला पुढं केली, काकूंनी हात जोडले आणि ती काकांनी खाल्ली. रात्री साडेआठला मी दोघांना त्रात्तोरियात नेलं. तिथं मेन्यू कार्ड होतं.