गव्हांकुरांच्या रसाची कुळकथा

बडोद्यात सकाळी फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना गव्हांकुरांचा रस नवा नाही. बागेबाहेर कारल्याच्या आणि दुधीच्या रसाशेजारी ‘जवारानो रस’ मिळतो, आणि तो घेणाऱ्या अनेकांची समजूत असते की हा उपचार आपल्या परंपरेतूनच चालत आला आहे. तशी समजूत व्हायला कारणही आहे. आश्विनात घटस्थापनेला आपण मातीत धान पेरतो आणि दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत किंवा कानामागे खोवतो. शेजारच्या गुजराती घरांतील मुली आषाढात गौरीव्रताचे पाच दिवस अळणी जेवतात आणि कुंडीत रुजवलेल्या जवाऱ्यांची पूजा करतात. गायकवाडी अमलापासून शेजारी नांदलेल्या या दोन्ही समाजांत गव्हाचा अंकुर पवित्रच राहिला.

ही परंपरा मात्र धान्याच्या सुफलतेची आहे, औषधाची नव्हे. घटाभोवतीचे धान जवळून पाहिले तर ते उंच, नाजूक आणि फिकट पिवळे दिसते, कारण देवघराच्या कोपऱ्यात त्याला पुरेसा उजेड मिळत नाही आणि उजेडाशिवाय गव्हाच्या पात्यात हरितद्रव्य तयार होत नाही. ज्या हिरवेपणासाठी हा रस पितात, तोच या धानात जेमतेम असतो.

रसाचे मूळ शोधायचे तर अमेरिकेतील कोंबड्यांच्या खाद्याकडे जावे लागते. 1930 च्या सुमारास कॅन्सस सिटीचे कृषिरसायनतज्ज्ञ चार्ल्स श्नाबेल यांनी कोंबड्यांना धान्यपिकांची कोवळी पाती खाऊ घातली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली आणि अंडी वाढली. कांड्यावर येण्यापूर्वीच्या पात्यांत पोषक द्रव्ये भरपूर असतात, असे त्यांना दिसले आणि त्यांनी वाळवलेल्या पात्यांची भुकटी माणसांसाठीही उपलब्ध केली. 1930 मध्येच जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स फिशर यांना रक्तातील हेमिन आणि हरितद्रव्य यांच्या रचनेवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले. दोन्हींची बांधणी सारखी असली तरी रक्तातील रेणूच्या मध्यभागी लोह असते आणि हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम. या साम्यावरूनच पुढे हा रस म्हणजे ‘हिरवे रक्त’ ही कल्पना उचलली गेली. ती आकर्षक आहे, पण चुकीची आहे. प्यालेल्या हरितद्रव्याचे शरीरात हिमोग्लोबिन होत नाही.

आज आपण पितो त्या ताज्या रसाचा प्रसार केला तो अ‍ॅन विगमोर यांनी. 1909 मध्ये लिथुआनियात जन्मलेल्या आणि बॉस्टनमध्ये आरोग्यसंस्था चालवणाऱ्या विगमोर यांनी कुंडीत गहू लावून रोज रस काढण्याची पद्धत घरोघरी नेली, हे त्यांचे खरे काम. परंतु आपल्या आहाराने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते, अशा दाव्यांमुळे त्यांच्यावर 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलांनी खटला भरला. आपल्याकडे या पद्धतीला तयार जमीन मिळाली. गांधीजींनी 1946 मध्ये उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले होते आणि कच्च्या, साध्या आहारावरचा विश्वास गुजरात-महाराष्ट्रात त्याआधीच रुजला होता.

वैद्यकीय पुरावा थोडाच आहे. 2002 मध्ये इस्राएलमधील 23 रुग्णांच्या चाचणीत मोठ्या आतड्याच्या व्रणदाहावर (अल्सरेटिव्ह कोलायटिस) महिनाभर रस दिल्याने लक्षणे कमी झाली. चंडीगढच्या 2004 च्या छोट्या अभ्यासात रोज 100 मिलिलिटर रस घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या, म्हणजे वरचेवर रक्त चढवावे लागणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या, 16 रुग्णांपैकी निम्म्यांची रक्ताची गरज 25 टक्क्यांहून अधिक घटली, पण असा गुण पुढच्या सर्व अभ्यासांत आढळलेला नाही. थॅलेसेमियाच्या मुलाचे पालक कोणत्या आशेने कुंड्या लावतात हे समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच रस पाजताना रक्त चढवण्याच्या तारखा चुकवू नयेत, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

घरी करायचे तर गहू रात्रभर भिजवावा, फडक्यात बांधून मोड आणावेत, पसरट कुंडीत दाट पेरून उजेडात ठेवावा आणि सातव्या-आठव्या दिवशी वीतभर वाढलेली पाती दाण्याच्या वरून कापावीत, म्हणजे ग्लुटेन असलेला दाणा रसात येत नाही. बुडाशी पांढरी बुरशी दिसली तर ते पीक टाकून द्यावे. पाती खलबत्त्यात वाटून, फडक्यातून पिळून रस लगेच प्यावा. सुरुवातीला 30 मिलिलिटर पुरे, कारण जास्त घेतल्यास मळमळते. कोवळ्या हिरव्या पात्यांत व्हिटॅमिन के असते, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस सुरू करू नये.